पागोळ्यांचे पाणी

मृग नक्षत्र लागते. पहिली सर येते, अंगणातील धूळ बसते आणि वळचणीवरून पागोळ्या गळू लागतात. मुले त्या ओंजळीत धरतात. परंतु ओंजळीतून निसटलेले पाणी कोठे जाते, याचा विचार कोण करतो? ते गटारास मिळते आणि वाहून जाते. पुढे चैत्र-वैशाखात टंचाई पडली, म्हणजे त्याच घरातील माणसे रिकामे हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात!

श्रीरामपूरचा परिसर प्रवरेच्या कालव्यावर पोसलेला आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याच्या पाण्यावर येथील उसाचे मळे डोलतात. परंतु कालवा बारमाही वाहत नाही. एक आवर्तन संपले, की दुसऱ्याची वाट पाहावी लागते. आकाशातील पाऊस मात्र थेट आपल्या छपरावर पडतो.

तो किती असतो बरे? एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी मिळते. समजा, गच्ची ५० चौरस मीटर आहे आणि वर्षात ५०० मिलिमीटर पाऊस झाला. तर २५,००० लिटर पाणी पडले! पाचवा हिस्सा वाया गेला, तरी २०,००० लिटर उरते. पिण्यास व स्वयंपाकास रोज ५० लिटर लागणाऱ्या कुटुंबास ते ४०० दिवस पुरेल.

हे पाणी साठवावे कसे? छपराच्या कडेस पन्हळ लावावी. पहिल्या सरींनी छप्पर धुऊन निघते. ते पाणी बाहेर सोडावे. नंतरचे पाणी खडी, वाळू व कोळसा यांच्या थरांतून गाळून हौदात घ्यावे. हौद झाकलेला असावा; नाहीतर शेवाळ धरते व डास होतात. पिण्यापूर्वी पाणी उकळावे. एवढा मोठा हौद सर्वांस बांधता येत नाही, हे खरे. म्हणून उरलेले पाणी गाळून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडावे. भूमी हाही एक हौदच आहे. भाजी धुतलेले पाणी झाडांस घालावे.

ही विद्या नवी नव्हे. कान्हेरीच्या लेण्यांत भिक्षूंनी खडकात टाकी कोरून पावसाचे पाणी साठविले. आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव एके काळी दुष्काळाने ओस पडू लागले होते. १९९० नंतर ग्रामस्थांनी डोंगरउतारावर चर खणले, बंधारे घातले आणि पाण्याचा जमाखर्च मांडला. विहिरींस पाणी आले. गाव सोडून गेलेली कुटुंबे परत आली. तेथे पाऊस वाढला नव्हता, शहाणपण वाढले होते.

मुलांनो, यंदा पागोळ्या गळू लागतील, तेव्हा निदान एक घागर त्यांच्याखाली ठेवा.

शब्दार्थ : वळचण – छपराची पुढे आलेली कड, पन्हळ – पाणी वाहून नेणारी नळी, आवर्तन – कालव्याला ठरावीक काळ पाणी सोडणे.

स्वाध्याय
१. पहिल्या सरींचे पाणी बाहेर का सोडावे?
२. 'भूमी हाही एक हौदच आहे', असे लेखक का म्हणतात?
३. आपल्या घराचे छप्पर मोजा आणि त्यावर वर्षात किती पाणी पडेल, ते काढा.