कॅमेरा कुणाच्या मोबाइलवर दिसतो?

अगं, पुण्यात कॉट बेसिसवर जागा मिळाली, छान झालं. भाडं, डिपॉझिट, डबा सगळं विचारलंस. आता ॲडव्हान्स देण्याआधी घरमालकीणबाईंना आणखी एक विचार: कॅमेरे कुठे आहेत आणि ते कुणाच्या मोबाइलवर दिसतात? ‘तुमच्याच सुरक्षेसाठी लावलेत,’ एवढ्यावर गप्प बसू नकोस.

रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांवर माझा राग नाही. मुंबईवरचा 2008 चा हल्ला, 2010 मधला कोरेगाव पार्कचा स्फोट, यांत माणसं गेली आणि मग चौकाचौकांत कॅमेरे हवेत असं लोकांनाच वाटू लागलं. रात्री तू बसथांब्यावर एकटी उभी असशील तेव्हा वर कॅमेरा असलेला मलाही हवाय.

माझा जीव अडकतो तो घरातल्या कॅमेऱ्यांत. फाटक, पार्किंग, जिना इथपर्यंत ठीक. पण बाथरूमकडे जाणारा पॅसेज? कपडे वाळत घालायची गच्ची? तू किती वाजता आलीस, सोडायला कोण आलं होतं, हे कुणीतरी घरबसल्या बघायचं आणि मग आईला फोन करायचा, हे मला अजिबात मान्य नाही. शिवाय वायफायवरच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत माइकही असतो गं. त्याच्याखाली उभी राहून तू मैत्रिणीशी मनातलं बोललीस, तर तेही ऐकू जातं. म्हणून आवाज बंद करायला सांग, कोन बदलायला सांग. हे मागताना ओशाळू नकोस.

‘बाहेर पडलं की कसली आलीय प्रायव्हसी,’ असं कुणी सुनावलं, तर लक्षात ठेव. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमताने निकाल दिला. माणूस सार्वजनिक ठिकाणी आहे एवढ्यानेच तो हक्क संपत नाही, हेही त्या निकालपत्रात आहे.

आणि ट्रायल रूममध्ये, बाथरूममध्ये छुपा कॅमेरा सापडला, तर तो सरळ गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली पहिल्याच वेळी किमान एक वर्षाची शिक्षा आहे. कॅमेऱ्याला हात लावू नकोस, फोटो काढ, तिथून बाहेर पड आणि 112 लावून पोलिसांना बोलव. तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते, ‘आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवू देऊ नकोस.

बाहेर कुणी पाठलाग केला, छेड काढली, तर मात्र तोच कॅमेरा तुझ्या कामी येईल. फक्त उशीर करू नकोस. जागा भरली की जुन्या चित्रणावर नवं चढतं. त्याच दिवशी सोसायटीला किंवा दुकानदाराला तारीख-वेळ घालून लेखी कळव की हे पुसू नका, आणि पोलिसांच्या तक्रारीतही तो कॅमेरा नेमका कुठला ते लिही.

मालकीणबाई चिडल्या तर मला फोन लाव. मी बोलते त्यांच्याशी.