जेऊरहून बदामीच्या लाल कड्यांकडे

प्रश्न : हिवाळ्यात आईवडिलांना घेऊन गाडीने बदामीला जायचं आहे. बेत कसा आखावा?
– एक वाचक, जेऊर

उत्तर : टेंभुर्णी, सोलापूर, विजयपूर, पुढे कोल्हारला कृष्णा ओलांडून बागलकोटमार्गे बदामी. पहाटेच निघा, विजयपुरात गोलघुमट पाहून जेवा. मुक्काम दोन रात्रींचा हवाच. लेण्यांच्या पायऱ्या उंच आहेत, आईवडिलांना सकाळीच सावकाश चढवा. तिसऱ्या लेण्यात इ.स. ५७८चा शिलालेख आहे. तिथले खांब जवळून पाहा : वालुकाश्माचे तांबडे-पिवळे पट्टे थेट मूर्तींच्या अंगावरून गेलेले दिसतात. माकडं पिशव्या ओढतात, खाऊ गाडीतच ठेवा. संध्याकाळी अगस्त्य तीर्थाकाठी भूतनाथ मंदिरापाशी निवांत बसा. दुसऱ्या दिवशी पट्टदकल आणि ऐहोळे. परतताना बनशंकरीचं दर्शन घ्या. देवळाबाहेर बायका भाकरी-ठेचा विकतात, जेवण तिथेच करा.