लष्करी ट्रक घेताय? आधी कागद वाचा

लष्कराच्या लिलावातला ट्रक पाहिला की मुरलेल्या ट्रकवाल्याचंही मन हलतं. जाड पत्रा, पुढच्या चाकांनाही ओढ, उंच चेसिस, मीटरवर थोडेच किलोमीटर. त्याच वयाच्या बाजारातल्या गाडीपेक्षा भावही कमी दिसतो. पुण्यात खडकीच्या बाजूला वडिलांच्या गॅरेजमध्ये मी वाढलो आणि पुढे हाच धंदा धरला. लिलावातले ट्रक घ्यायचे, उघडून पुन्हा बांधायचे, पासिंग करून विकायचे. या धंद्यानं माझं घर चालवलं, त्यामुळे त्याला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. पण कष्टाळू, सरळ माणसांचे पैसे यात अडकलेले मी पाहिले आहेत, आणि बहुतेक वेळा कारण एकच निघालं. ट्रक चारी बाजूंनी तपासला होता, कागद मात्र ‘नंतर होईल’ म्हणून सोडला होता.

जत तालुक्यातल्या एका टँकरवाल्यांची गोष्ट सांगतो. दुष्काळी गावांत वाड्या-वस्त्यांवर पाणी पोचवायचं तर कच्च्या चढावर न अडकणारी गाडी हवी, हा त्यांचा विचार बरोबर होता. त्यांनी उत्तरेकडच्या एका व्यापाऱ्याकडून अशोक लेलँडचा लष्करी ट्रक, स्टॅलियन, घेतला आणि पासिंगच्या तयारीसाठी माझ्याकडे आणला. मी तारेच्या ब्रशनं चेसिसवरचे हिरव्या रंगाचे थर उतरवले, कोरलेल्या अंकांवर खडू घासला. नंबर स्वच्छ उमटला आणि कागदाशी जुळला. मग इंजिनच्या ब्लॉकवरचं तेल-माती खरवडली. तिथले शेवटचे अंक कागदातल्या अंकांपेक्षा वेगळे होते.

“आवं, इंजिन तर एका सेल्फात चालू हुतंय. मग अडतंय कुठं?” ते म्हणाले.

अडत होतं ते असं. लष्करात गाडी थांबून राहणं परवडत नाही. इंजिन थकलं की ते काढून दुरुस्तीला जातं आणि आधीच तयार असलेलं दुसरं त्या जागी बसतं. त्यामुळे वीस वर्षांच्या सेवेत एका ट्रकात दोन-तीन इंजिनं येऊन गेलेली असू शकतात. यात गैर काही नाही. पण विक्रीच्या कागदावर जुन्या नोंदीतला नंबर उतरला, तर आरटीओचा निरीक्षक गाडी पास करत नाही, आणि ते त्याचं कामच आहे. नंबर दुरुस्त करून देणारं पत्र ज्या डेपोनं गाडी सोडली तोच देऊ शकतो, आणि ते मागायचा हक्क लिलावात गाडी घेणाऱ्याचा. जतच्या पाहुण्यांकडे होती फक्त झेरॉक्स. मूळ बोलीदार आणि त्यांच्यामध्ये आणखी दोन हात होऊन गेले होते, आणि त्या व्यापाऱ्यानं पैसे हातात पडल्यावर फोन उचलणं बंद केलं. धडधाकट ट्रक शेवटी सुट्या भागांच्या भावानं गेला. त्या वर्षी त्यांनी टँकर भाड्यानं घेऊन पाणी पुरवलं.

कागद म्हणजे नेमकं काय?

लष्कराच्या ताब्यात असताना गाडीची नोंद लष्कराच्या स्वतःच्या यंत्रणेत असते. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 60 मध्ये तशी तरतूद आहे. म्हणून प्लेटवरचा बाण असलेला लष्करी नंबर मोबाइलमधल्या ॲपवर टाकून काहीही हाती लागत नाही. सेवेतून निघालेली गाडी साध्या आरटीओच्या दृष्टीनं कधीच नोंदलेली नसते, तिची नोंदणी पहिल्यापासून करावी लागते. त्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 47 प्रमाणे संबंधित लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेलं फॉर्म 21 मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. मूळ म्हणजे शाईचा शिक्का आणि सही असलेलं. रंगीत झेरॉक्स, व्हॉट्सॲपवरचा फोटो किंवा नोटरीचं प्रतिज्ञापत्र त्याची जागा घेत नाही.

त्या कागदावर चार गोष्टी बोट ठेवून वाचा: कोणाच्या नावे विक्री झाली, चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि उत्पादनाचं वर्ष. विकणारा माणूस आणि कागदावरचं नाव एकच नसेल, तर ज्याच्या नावे कागद आहे त्याच्या नावावर आधी नोंदणी होऊ द्या, मगच तुमच्या नावावर हस्तांतर करून घ्या. ‘अथॉरिटी लेटर देतो, त्यावर होऊन जाईल’ असं कोणी म्हणालं, तर इसारही देऊ नका.

वयाचा प्रश्न आता आणखी कडक झाला आहे. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही आणि त्यांची विल्हेवाट नोंदणीकृत भंगार केंद्रांमार्फत लावायची आहे. संरक्षणाच्या प्रत्यक्ष कामातली चिलखती आणि इतर खास वाहनं यातून वगळली आहेत. पण साधा मालवाहू ट्रक दाखवून कोणी ‘जुना आहे, पण पासिंग करून देतो’ म्हणत असेल, तर कशाच्या आधारावर, हे त्याच्याकडून लेखी घ्या. वर्ष ताडून पाहायची एक सोपी खूण आहे. लष्करी नंबरात वर टोक केलेल्या बाणानंतरचे पहिले दोन अंक गाडी दाखल झाल्याचं वर्ष सांगतात. कागद आणि प्लेट यांत फार अंतर असेल तर तिथेच थांबा.

लिलावात उतरायचं असेल तर

असे बरेच लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात होतात. नाव नोंदवायचं, अनामत भरायची, ठरलेल्या दिवशी डेपोत जाऊन माल पाहायचा आणि मग घरबसल्या बोली लावायची. प्रत्येक लॉटचा तपशील शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. काही लॉट सरळ भंगार म्हणून विकले जातात, त्यांना नोंदणीचे कागद मिळत नाहीत आणि तसं तिथे लिहिलेलंही असतं. फोटो आणि भाव पाहून बोली लावणारा नेमकी तीच ओळ चुकवतो.

माल ‘जसा आहे, जिथे आहे’ या अटीवर विकला जातो. डेपोत पाहिलेल्या ट्रकचा सेल्फ किंवा बॅटरी उचलायच्या दिवशी जागेवर नसली, तरी दाद मागायला जागा उरत नाही. सर्वात मोठी बोली लागली म्हणजे माल आपला झाला, असंही नाही. अनेकदा ती मंजुरीच्या अधीन राहते आणि तोवर अनामत अडकून पडते. मंजुरीनंतर मुदतीत पैसे भरून माल उचलला नाही, तर जागाभाडं चढतं. म्हणून बोलीच्या रकमेत कर, क्रेन, ट्रेलरचं भाडं आणि दुरुस्ती आधीच मिळवा, आणि ती बेरीज ज्या आकड्याला पोचते तिथे हात आखडा.

नागरी भाऊ कोण, ते बघा

लष्करी गाडी किती चालेल, हे तिचं नागरी भावंड बाजारात किती आहे यावर ठरतं. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यानं 1959 पासून जबलपूरला तयार झालेला शक्तिमान मजबुतीत कोणाला हार जाणारा नव्हता. पण त्याचं उत्पादन नव्वदच्या दशकात थांबलं आणि रस्त्यावर त्याचं जुळं भावंड नव्हतं. आज त्याचा भाग हवा तर दुसरा शक्तिमान तोडावा लागतो. निस्सानच्या परवान्यानं जबलपूरलाच झालेल्या वन टन आणि जोंगा या गाड्यांचं तेच. सुमारे चार लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आवाजाला सुंदर, पण पेट्रोलचा खर्च झेपवणारा हौशी मालकच हवा. 1996 मध्ये जोंगाची डिझेल नागरी आवृत्ती बाजारात आणली गेली, ती टिकली नाही. महेंद्रसिंग धोनी 2019 मध्ये रांचीत निस्सानमधून फिरताना दिसला, तेव्हापासून या गाड्यांची चौकशी करणारे तरुण माझ्याकडेही आले. त्यांना मी सांगतो, छंद म्हणून घ्या, कमाईसाठी नको.

टाटाचा एलपीटीए 713 आणि अशोक लेलँडचा स्टॅलियन यांचं गणित वेगळं. टाटाच्या नावातच हिशेब असतो. 1613 म्हणजे सुमारे 16 टन भरलेलं वजन आणि 130 अश्वशक्ती, तर 713 म्हणजे सात टन आणि तेवढीच ताकद. निम्म्याहून कमी वजनाला तेवढंच बळ दिलंय, कारण ही गाडी चिखल आणि चढ यांसाठी बांधली आहे. या दोन्ही कंपन्यांचे नागरी ट्रक हमरस्त्यावरच्या प्रत्येक गावात दुरुस्त होतात, त्यामुळे इंजिन, क्लच, ब्रेकचं बरंचसं काम भवानी पेठेतल्या दुकानांतून भागतं. पण पुढची ओढणारी धुरा, तिचे जॉइंट आणि ट्रान्सफर केस नागरी ट्रकात नसतात. पैसा तिथे जातो, म्हणून तपासणी तिथून सुरू करा.

ट्रान्सफर केसचं थोडं तेल काढून दोन बोटांत चोळा. उन्हात धरल्यावर चमक दिसली, तर आतले दाते झिजत आहेत. पुढचं चाक जॅकवर उचलून पूर्ण वळवा आणि हातानं फिरवा, कटकट आवाज आला तर जॉइंट गेला. पुढची धुरा गुंतवून पक्क्या डांबरी रस्त्यावर गाडी पळवली, तर दोन्ही धुरांमध्ये ताण साचतो आणि काहीतरी तुटतंच. हे ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी समजावून सांगा.

मीटरवरच्या थोड्या किलोमीटरला भुलू नका. कमी धावलेली गाडी बहुतेक वेळा जास्त उभी राहिलेली असते. उन्हापावसात उभ्या गाडीचे सील, ब्रेकचे कप, पाइप वाळून चिरतात आणि डिझेलची टाकी आतून गंजते. टायरवर नक्षी भरपूर दिसली तरी बाजूचे चार अंक वाचा: 2214 म्हणजे 2014 सालचा बाविसावा आठवडा. एवढ्या जुन्या टायरवर भरलेली गाडी घाटात नेऊ नका.

काम आहे का?

स्टॅलियन रस्त्यावर साडेसात टन आणि रस्ता नसलेल्या जागी पाच टन अशा हिशेबानं बांधलेला आहे. ऊस किंवा वाळू वाहणारा माणूस त्याच्या आकाराकडे पाहून दहा-बारा टन भरतो, मग पाटे बसतात आणि धुरा तुटते. एवढं वजन डांबरीवरून न्यायचं असेल, तर त्याच पैशांत जुना नागरी 1613 घ्या. तो जास्त उचलेल, कमी डिझेल पिईल, आणि रात्री दोन वाजता धाब्यावरही त्याचा मिस्त्री मिळेल. चार चाकांची ओढ खरोखर लागते ती डोंगरातल्या वस्तीला पाणी नेताना, विजेच्या टॉवरचं सामान चढवताना किंवा धरणाच्या कच्च्या रस्त्यावर. तुमचं काम यांपैकी असेल तर हा ट्रक सोनं आहे.

गाडी ताब्यात आली की सर्वात आधी रंग बदला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 121 प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना आहे. बाण, युनिटची चिन्हं, जुनी प्लेट हेही काढा. पेट्रोलऐवजी दुसऱ्याच कंपनीचं डिझेल इंजिन बसवण्याचा सल्ला गॅरेजवाले सहज देतात. पण कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. असा बदल केलेल्या गाडीचा अपघात झाला, तर विमा कंपनी तुमच्या पाठीशी उभी राहील असं धरून चालू नका.

विकताना

विकणाऱ्याची जबाबदारी पैसे मोजून संपत नाही. आरटीओच्या नोंदीत नाव तुमचं असेपर्यंत अपघाताच्या भरपाईत मालक तुम्हीच, हे सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये पुन्हा सांगितलं आहे. गाडी राज्यातच विकली असेल तर हस्तांतराची सूचना म्हणजे फॉर्म 29, चौदा दिवसांच्या आत आरटीओला द्या आणि पोच जपून ठेवा. लष्कराचं मूळ प्रमाणपत्र, लिलावाची पावती, बदललेल्या भागांची बिलं एका फाइलमध्ये घेणाऱ्याच्या हाती द्या. पुढच्या धुरेत आवाज असेल तर तोही सांगा. भाव थोडा कमी येईल, पण तो माणूस पुढच्या वेळी तुमच्याकडेच येईल आणि चार जण बरोबर आणेल. माझा धंदा तसाच वाढला.

तरुण मित्रांनो, गाडी घ्यायला निघाल तेव्हा आधी मिस्त्रीला नेऊ नका, आधी आपल्या आरटीओत कागदाची प्रत दाखवून या. तिथे होकार मिळाला तरच मिस्त्रीला घेऊन गाडीकडे जा. ज्या ट्रकचा मूळ फॉर्म 21 तुमच्या समोर टेबलावर ठेवला जात नाही, तो कितीही देखणा असला तरी भंगारच आहे, त्याला भंगाराच्या वर एक रुपया देऊ नका.