संसर्ग आणि विटाळ

असन्निधान काळात साधकाला स्थान, प्रसाद, भिक्षू आणि वासनिक ही चार साधने आश्रयणीय होत, हे आपण सर्व जाणतोच. यांपैकी प्रत्येक साधन सान्निध्याची अपेक्षा करते. ओट्यावर मस्तक ठेवल्याशिवाय स्थानवंदन झाले असे वाटत नाही. प्रसाद एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातो. भिक्षू आणि वासनिक यांचा संबंध तर श्रवण, पंगत आणि सेवा यांतूनच घडतो. म्हणून २०२० साली महामारी आली आणि एकमेकांपासून दूर राहा असे सांगितले गेले, तेव्हा आचार सांभाळावा की देह सांभाळावा, असा पेच लहान लहान आश्रमांपुढे उभा राहिला. साथीची आणीबाणी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. पण तो पेच आपण नीट सोडवला असे मला वाटत नाही.

येथे कोणी अशी शंका घेईल की, परमेश्वराचे स्मरण चालले असता रोगाची बाधा कशी व्हावी? त्याचे समाधान कठीण नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ वेगळे मानणाऱ्याने देहाची गणना कोठे करावी? देह प्रपंचातला, श्वासही प्रपंचातला. स्मरण जिवाच्या उद्धारासाठी आहे. त्यावर देहरक्षणाचा भार टाकणे म्हणजे त्याचे मोल कमी करणे होय.

आता हा रोग भजन करणाऱ्या समुदायात कोणत्या वाटेने शिरतो ते पाहू. त्यासाठी ज्याचा बारकाईने तपास झाला असे उदाहरण परदेशातले आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात माउंट व्हर्नन नावाचे गाव आहे. तेथे १० मार्च २०२० रोजी एका चर्चच्या सभागृहात गायकमंडळाचा अडीच तास सराव झाला. ६१ जण आले होते. साथीची वार्ता त्यांना होती. म्हणून त्यांनी हस्तांदोलन टाळले, आलिंगन टाळले, हात निर्जंतुक केले. पण आलेल्यांपैकी एकाला तीन दिवसांपासून सर्दीसारखी लक्षणे होती. पुढे तपासात ५३ जण बाधित ठरले. त्यांतील ३३ चाचणीने निश्चित आणि २० संभाव्य. दोघांचा मृत्यू झाला.

हे लोक बेपर्वा नव्हते, ही गोष्ट लक्षात घ्यावी. त्यांनी हात सांभाळले. श्वास मात्र सांभाळला गेला नाही. उच्च स्वराने गाताना तोंडावाटे अतिसूक्ष्म तुषार निघतात. बंद खोलीत ते धुरासारखे तरंगत राहतात आणि वेळ जाईल तसे साठत जातात. आपली आरती, विडाअवसर, गीतेचे सामूहिक पठण ही सर्व याच जातीची कर्मे आहेत. आपण मात्र त्या काळात पायऱ्या धुतल्या, घंटेला फडके बांधले, आणि हिवाळ्याची थंडी म्हणून खिडक्या लावून आरती केली! हात धुवू नयेत असे नव्हे. साबणाने विषाणूचे स्निग्ध वेष्टन फुटते आणि तो निकामी होतो. परंतु मुख्य वाट हवेची आहे.

दुसरी शंका अधिक खोल आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी विटाळ मानला नाही. स्त्रियांच्या ठायी समाजाने चिकटवलेला विटाळही त्यांनी अमान्य केला. मग आजाऱ्याला वेगळे बसवणे हा विटाळच नव्हे काय?

नव्हे. विटाळ माणसाला लावला जातो. जन्माने, लिंगाने अथवा कर्माने तो दूषित आहे असे म्हटले जाते, आणि त्याची सावलीही वर्ज्य ठरते. संसर्ग माणसाच्या योग्यतेविषयी काहीच बोलत नाही. त्याला हवा, अंतर आणि काळ एवढ्याच गोष्टी ठाऊक. उघड्या अंगणात तो विरळ होतो, तोंडावर घट्ट मुखपट्टी असेल तर अडतो, आणि सौम्य आजारात लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण दहा दिवसांत बहुधा संपतो. विटाळाला अशी मुदत नसते.

हा भेद न कळल्याने काय होते ते मी आमच्याच आश्रमात पाहिले. पहिल्या वर्षी एक साधक बरा होऊन रुग्णालयातून परतला. दहा दिवस केव्हाच उलटून गेले होते. तरी त्याचे ताट महिनाभर ओसरीबाहेर ठेवले जाई, आणि त्याने दंडवत घातला की शेजारचा सरकून बसे. आम्ही कोणीही बोललो नाही, मीही नाही. पुढच्या वर्षी, २०२१ च्या चैत्रात, एका वृद्ध तपस्विनीला ताप आला. तिने तो दोन दिवस अंगावर काढला आणि संध्याकाळच्या पारायणाला बंद खोलीत आमच्यासह बसली. नंतर विचारले तेव्हा ती म्हणाली, “माझंही ताट बाहेर गेलं असतं, बाबा.” त्या खोलीतील बहुतेकांना ताप आला. त्यांतील एक वयोवृद्ध भिक्षू पुन्हा उठले नाहीत. रोग कोणापासून कोणाला झाला हे सांगता येणार नाही, आणि त्या माउलीला दोष देणे तर अन्यायाचे होईल. तिला ताप लपवायला आम्ही शिकवले होते.

म्हणून साथीच्या काळात लहान आश्रमाने पहिली व्यवस्था करावी ती आजाऱ्याच्या सन्मानाची. ज्याने ‘मला ताप आहे’ असे सांगितले त्याने सेवा चुकवली नाही, अहिंसेचा आचार पाळला, असे महंतांनी सर्वांसमक्ष म्हणावे. त्याला खिडकी असलेली खोली द्यावी. शुश्रूषेला एकच धडधाकट, लस घेतलेला माणूस नेमावा, आणि त्याने उत्तम प्रतीची मुखपट्टी लावावी. बोटाला लावायच्या यंत्राने प्राणवायूचे प्रमाण दिवसातून दोन-तीनदा पाहावे; ते ९४ च्या खाली गेले तर वैद्याला कळवण्यात पारायण संपण्याची वाट पाहू नये. आपल्या मार्गात अटन आणि विजन ही नित्याची असल्याने एकांत आपल्याला परका नाही. आजाऱ्याने तो विजन म्हणून घालवावा.

इतरांनी आरती अंगणात करावी. पाऊस असेल तर एकाने मंद स्वरात म्हणावी, बाकीच्यांनी मनात स्मरण करावे. दारे मात्र उघडीच असावीत. प्रसादवंदन एकेकाने, दुरून, मस्तक लववून करावे. पोथी एकाने वाचावी आणि निरूपण आटोपते घ्यावे (हे साथ नसतानाही काही वक्त्यांना सोसेल!). पंगत ओसरीत, अंतर राखून बसवावी.

आणि बरा झालेला मनुष्य ज्या दिवशी बाहेर येईल, त्या दिवशी त्याचे ताट पंगतीत, त्याच्या पूर्वीच्या जागी मांडावे. वाढायला महंतांनी स्वतः उठावे.