एका पडद्यावर तीन टेबले

आज लहान दुकानातही संगणकावर एका वेळी पाच-सहा कामे उघडी असतात. हिशेबाचा प्रोग्राम, जी.एस.टी.चे संकेतस्थळ, बँकेचे खाते, डिझाइनची फाइल, व्हॉट्सअ‍ॅप. प्रत्येक कामाची पडद्यावर एक चौकट असते, तिलाच विंडो म्हणतात. या चौकटी एकमेकींवर पडल्या की दोन प्रकारचे नुकसान होते. एका पार्टीचे बिल दुसऱ्या पार्टीच्या खाती पडते. किंवा ग्राहकाला डिझाइन दाखविताना मागची खरेदी-भावाची यादी त्याच्या नजरेस पडते. मग सौदा कसा बसावा?

यावर कोणी दुसरा मॉनिटर घ्या म्हणतो, कोणी विकतचा प्रोग्राम सुचवितो. व्यापारी बंधूंनी पैसे खर्च करण्यापूर्वी आपल्या यंत्रात काय आहे ते तपासावे. बहुतेकांची गरज तेथेच भागते.

आपली गरज कोणती?

दोन सोयी आहेत व त्यांत गल्लत करू नये. पहिली, एकाच टेबलावर कागद नीट मांडणे. दुसरी, वेगवेगळ्या कामांसाठी वेगळी टेबले ठेवणे. हिलाच व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणतात. दोन कागद शेजारी ठेवून ताडून पाहायचे असतील, तर पहिली सोय वापरावी. दोन कामे एकमेकांपासून दूर ठेवायची असतील, तर दुसरी.

कागद मांडणे

ज्या कळीवर खिडकीचे चिन्ह असते ती विंडोज कळ दाबून ठेवा व डाव्या बाणाची कळ दाबा. समोरची चौकट पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागात बसेल. दुसरी चौकट त्याच रीतीने उजवीकडे बसवा. आलेले बिल एकीकडे व खतावणी दुसरीकडे, असे ताडून घेता येते. विंडोज ११ मध्ये विंडोज कळीसह झेड दाबल्यास मांडणीचे नमुने समोर येतात. मोठा मॉनिटर असेल आणि स्वतःचे कप्पे आखायचे असतील, तर मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज या मोफत संचात फॅन्सीझोन्स नावाचे साधन आहे. लहान लॅपटॉपवर मात्र दोनपेक्षा जास्त कप्पे करू नयेत, अक्षर वाचवत नाही.

वेगळी टेबले

ही कल्पना जुनी आहे. १९८६ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात हेंडरसन व कार्ड यांनी 'रूम्स' नावाची रचना मांडली. माणूस एका कामासाठी ठरावीक चौकटींचा गटच वापरतो, म्हणून प्रत्येक कामाला वेगळी खोली द्यावी, हा त्यामागील विचार. अ‍ॅपलने २००७ साली व विंडोजने २०१५ साली, विंडोज १० पासून, ही सोय यंत्रातच दिली.

विंडोजवर ती अशी वापरावी :

१) विंडोज, कंट्रोल व डी या कळा एकत्र दाबल्या की नवे टेबल तयार होते.

२) विंडोज, कंट्रोल व डावा किंवा उजवा बाण दाबला की एका टेबलावरून दुसऱ्यावर जाता येते.

३) विंडोज व टॅब दाबल्यास सर्व टेबले दिसतात. तेथे चौकट माउसने ओढून दुसऱ्या टेबलावर नेता येते. टेबलाचे नावही तेथेच बदलता येते.

४) विंडोज, कंट्रोल व एफ ४ दाबल्यास टेबल मिटते, पण त्यावरील काम बंद पडत नाही, शेजारच्या टेबलावर सरकते.

'हिशेब', 'ग्राहक' आणि 'कर व बँक' अशी तीन टेबले बहुतेक दुकानांना पुरतात. ग्राहकाच्या टेबलावर डिझाइन व विक्रीच्या भावाची यादी, एवढेच ठेवावे. विंडोज ११ मध्ये प्रत्येक टेबलाला वेगळे चित्र देता येते, त्यामुळे आपण कोठे आहोत हे चटकन कळते.

बाहेरचे साधन घेताना

तीन प्रश्न विचारावेत. धंद्याच्या वापरास ते मोफत आहे काय? डेक्सपॉटसारखी काही साधने घरगुती वापरास मोफत, पण धंद्यासाठी परवाना लागणारी असतात. ते बनविणाऱ्याच्या मूळ ठिकाणाहून मिळते काय? चौकट एका टेबलावरून दुसऱ्यावर नेता येते काय? सिसइंटर्नल्सचे डेस्कटॉप्स हे साधन मोफत असून चार टेबले देते, परंतु त्यात चौकट हलविता येत नाही.

मर्यादा

वेगळे टेबल म्हणजे कुलूप नव्हे. कळा माहीत असलेला कोणीही दुसऱ्या टेबलावर जाऊ शकतो. संगणकावर नोकर बसत असेल, तर त्याला वेगळे यूजर खाते द्यावे व आपल्या खात्याला पासवर्ड ठेवावा. दुसरे असे की सर्व टेबलांवरील प्रोग्राम चालूच असतात, म्हणून कमी मेमरीचे यंत्र मंदावते. तिसरे, वीज जाऊन संगणक बंद पडला तर टेबलांची नावे राहतात, पण कागद पुन्हा मांडावे लागतात, आणि न जतन केलेले काम जाऊ शकते.

प्रथम आठवडाभर दोनच टेबले वापरून पाहावीत, एक हिशेबाचे व एक ग्राहकाचे. कळा बोटांत बसल्या की तिसरे जोडावे. त्यानंतरही अडचण राहिली, तरच मॉनिटरचा भाव काढावा.