कॅमेरा घेताय? आधी काम लिहा, मग किंमत विचारा



मोहन्याची एनआरसी कंपनी २००९ साली बंद पडली. तेव्हापासून घरात दुसरा पगार किंवा धंदा असावा, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून गटातली एखादी ताई किंवा तिची मुलगी "फोटोग्राफी करते, कर्ज द्या" म्हणाली, तर मागणी चांगलीच आहे. हळद, साखरपुडा, डोहाळजेवण, बारसं, कामं आहेत. "हे मशीन आपल्याला जमेल का?" अशी शंका नको. अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेतल्या बायका १९८४ साली व्हिडिओ शूटिंग शिकल्या. त्यांत भाजी विकणाऱ्या होत्या, काहींना लिहिता-वाचताही येत नव्हतं.

पण एक लक्षात घ्या. नवं मॉडेल आलं की जुन्या कॅमेऱ्याची किंमत उतरते, आणि पैसा मात्र गटातल्या सगळ्या जणींच्या बचतीचा असतो. गटाला जशी पंचसूत्री, तसे कॅमेऱ्यासाठी हे पाच प्रश्न.

१) काम कोणतं?
पापड-मसाल्याचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचे असतील तर मोबाईल पुरे. खिडकीजवळ उजेडात काढा. त्यासाठी कर्ज घेऊ नका. पैसे घेऊन लग्न-हळद, बारसं, शाळेचं गॅदरिंग करायचं असेल तर लेन्स बदलता येणारा कॅमेरा लागतो.

२) उजेड किती?
बारसं दिवसा घरात, हळद रात्री मांडवात. कॅमेऱ्याच्या आत ज्या भागावर उजेड पडून फोटो तयार होतो, तो सेन्सर. 'फुल फ्रेम' सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असतो, 'एपीएस-सी' त्याच्या निम्म्याहूनही लहान. मोठा सेन्सर कमी उजेडात स्वच्छ फोटो देतो, पण त्याची बॉडी आणि लेन्स दोन्ही महाग. सुरुवातीला एपीएस-सी चालतो.

३) लेन्स कोणती?
बॉडीवर सगळे पैसे घालू नका. लेन्सवरचा 'एफ' आकडा जितका लहान, तितका उजेड आत जास्त येतो. सोबत मिळणारी १८-५५ ची किट लेन्स पूर्ण झूम केल्यावर साधारण एफ ५.६ असते. ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स तिच्या नऊ पटींहून जास्त उजेड घेते, आणि व्यावसायिक लेन्समध्ये ती स्वस्त असते. हळदीत चेहरे टिपायला ही, आणि छोट्या खोलीत सगळं कुटुंब बसवायला किट लेन्स, अशी जोडी ठेवा. मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका. २४ मेगापिक्सेलचा फोटो २० × १३ इंचांपर्यंत उत्तम छापला जातो.

४) ऐन वेळी अडलं तर?
हळद पुन्हा लावता येत नाही. दोन मेमरी कार्डांची सोय असलेला कॅमेरा बघा, म्हणजे एक कार्ड बिघडलं तरी फोटो दुसऱ्यावर राहतात. जादा बॅटरी हवीच. व्हिडिओत मांडवातले दिवे लुकलुकताना दिसले तर शटर १/५० वर ठेवा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे.

५) हप्ता कुठून?
समजा, ६०,००० रुपये कर्ज, महिना १ टक्का व्याज, २० महिने मुदत. पहिला हप्ता ३,००० मुद्दल आणि ६०० व्याज, म्हणजे ३,६००. एका ऑर्डरीत रिक्षा, मदतनीस, एडिटिंगचा खर्च जाऊन १,५०० उरले, तर हप्त्यासाठीच तीन ऑर्डरी लागतात, आणि घरात ९०० येतात. त्यात चातुर्मासात लग्नं नाहीत, तुळशीच्या लग्नापर्यंत थांबावं लागतं. हप्ता थांबत नाही. म्हणून चार महिन्यांचे साधारण १४,००० रुपये सीझनमध्येच बाजूला ठेवा.

घेण्याआधी दोन-तीन ऑर्डरी भाड्याच्या कॅमेऱ्यावर करा. हाताला काय जमतं आणि पदरात काय पडतं, दोन्ही कळेल. सेकंडहँड डीएसएलआर स्वस्त मिळतो, पण नव्या लेन्स आता मुख्यतः मिररलेस कॅमेऱ्यांसाठीच निघतात. जुना घेताना शटर किती वेळा उडालंय ते विचारा. कारच्या किलोमीटरसारखाच तो आकडा. नवा घेताना पक्कं जीएसटी बिल, भारतातली वॉरंटी, आणि बिलावरचा व कॅमेऱ्यावरचा सिरीयल नंबर एकच आहे ना, हे दुकानातच तपासा.

पुढच्या बैठकीत चर्चा करा:
• आपल्या गटात कॅमेऱ्याचं काम कोण करू शकते? तिच्याकडे आज किती ऑर्डरी आहेत?
• कॅमेरा एकीच्या नावावर घ्यायचा की गटाच्या? बिघडला तर दुरुस्तीचा खर्च कोणाचा?

उत्तरं इतिवृत्तात लिहा, आणि मगच कर्जाचा अर्ज भरा.