टायरचे दात

कला शाखेच्या विद्यार्थ्याने टायरवर अभ्यासलेख लिहावा, याचे आमच्या प्राध्यापकवर्गास थोडे नवल वाटेल. काव्य, इतिहास आणि अर्थशास्त्र यांच्या पंक्तीत हे रबराचे कडे कोठून येऊन बसले, असेही कोणी विचारील. त्यांना एवढेच सांगतो की, मी या विषयाकडे एका अपघातामुळे वळलो.

दोन वर्षांपूर्वी मृगाच्या पहिल्याच सरीत यवतमाळ-आर्णी रस्त्यावरील एका वळणावर माझी मोटारसायकल घसरली. मागे धाकटा भाऊ बसला होता. मला खरचटण्यावर निभावले. त्याचा हात मोडला. वेग बेताचा होता. मागचा टायर तर दोनच महिन्यांपूर्वी नवा घेतलेला, नक्षी खोल, रंग काळाभोर. पुढे गाडी दुरुस्तीला नेली तेव्हा एका जाणत्या मेकॅनिकने टायरच्या बाजूवरील चार अंक मला दाखविले. दुकानातून दोन महिन्यांपूर्वी आलेला तो टायर कारखान्यातून निघून सात वर्षे झाली होती! पावसाळी रस्ता आणि माझे अननुभवी ब्रेक यांचाही दोष होताच. परंतु कडक झालेल्या रबराने आम्हाला सावरून घेतले नाही, हेही तितकेच खरे.

बाबांनी सर्व ऐकून घेतले आणि आपल्या वऱ्हाडी बोलीत एवढेच म्हणाले, "बैल घेताना दात पाह्यतो ना रे आपन? मंग टायराचे दात कोन पाहीन?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. पुढे वर्षभराने मी 'ट्रॅक डे'ला जाण्याची परवानगी मागितली, तेव्हा घरात अर्थातच वादळ उठले. शेवटी बाबांनी अट घातली : आधी टायरचा अभ्यास कर, मला समजावून सांग, मग पाहू. हा लेख म्हणजे त्या अभ्यासाचेच टिपण होय.

ट्रॅक डे म्हणजे काय?

ट्रॅक डे ही शर्यत नव्हे. त्या दिवशी शर्यतीचा बंदिस्त मार्ग सामान्य चालकांना शुल्क घेऊन खुला केला जातो. समोरून ट्रक येत नाही, आडवी म्हैस येत नाही, कडेला खड्डा नसतो. अनुभवाप्रमाणे गट पाडतात, प्रशिक्षक पुढे राहून वळणाची योग्य रेषा दाखवितो आणि क्रमांक कोणासही दिला जात नाही. वेगाची हौस सार्वजनिक रस्त्यावर भागविण्यापेक्षा ही सोय शहाणपणाची आहे.

आपल्या देशात अशा मार्गांची संख्या फार थोडी. पूर्वी मद्रासजवळील शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत. नंतर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे सुमारे ३.७ किलोमीटरचा कायमचा मार्ग बांधला. तो १९९० साली सुरू झाला. कोइमतूरजवळ चेट्टिपाळयम येथे 'करी मोटर स्पीडवे' आहे, एस. करिवर्धन यांच्या स्मरणार्थ त्याला हे नाव दिले आहे. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात २०११ साली बुद्ध इंटरनॅशनल सर्किट उभे राहिले. यवतमाळच्या मुलाला यांपैकी काहीच जवळचे नाही. मी इरुंगट्टुकोट्टईची निवड केली.

लोखंडी धाव आणि रबरी धाव

आमच्या आजोबांच्या बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडाची धाव होती. लोहार ती धाव शेणाच्या गोवऱ्यांच्या आगीत लाल करी. तापून फुगलेली धाव चाकावर चढे, वर पाणी ओतले की आकसून लाकडाला करकचून धरी. ही धाव रस्त्याला मात्र धरीत नसे. तिला तशी गरजही नव्हती. गाडी ओढण्याचे काम बैलांच्या खुरांचे. चाक आपले मागून गरगरत येई.

मोटारसायकलीत बैल नाही. तेथे चाकानेच रस्त्याला मागे रेटायचे, चाकानेच थांबवायचे आणि चाकानेच वळवायचे. म्हणजे धावेलाच खुराचे काम करावे लागते. यासाठी रस्त्याच्या बारीक खाचाखोचांत शिरणारा मऊ पदार्थ हवा. कच्चे रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होई. चार्ल्स गुडइयर याला १८३९ च्या सुमारास गंधक व उष्णता यांच्या योगाने रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. पुढे १८८७-८८ च्या सुमारास बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर तयार केला. गुरांच्या डॉक्टराने चाकाला खूर द्यावेत, हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो.

या रबरी खुराचा रस्त्याशी संबंध किती थोडा असतो, ते पाहा. मी व माझी गाडी मिळून वजन सुमारे २२० किलो. टायरमधील हवेचा दाब २८ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला जवळजवळ दोन किलो. भागाकार केला तर दोन्ही टायर मिळून रस्त्याला टेकलेली जागा साधारण ११० चौरस सेंटीमीटर भरते. आपले पोस्टाचे कार्ड १४ गुणिले ९, म्हणजे १२६ चौरस सेंटीमीटरचे असते. माझा सारा जीव एका पोस्टकार्डाहून लहान जागेवर टेकलेला! हिशेब ढोबळ आहे, पण बाबांना तो चटकन पटला.

या जागेजवळ पकडीची पुंजी ठरलेली असते. ती ब्रेकसाठी खर्च करा, वळण्यासाठी करा किंवा दोन्हींत वाटा. वाटणी मात्र साध्या बेरजेची नसून पायथागोरसच्या नियमाजवळ जाणारी आहे. शंभरातील ८० भाग ब्रेकने खाल्ले, तर वळणासाठी २० नव्हे, सुमारे ६० उरतात. पण ब्रेकने पूर्ण शंभर घेतले, तर वळणासाठी शून्य. आर्णी रस्त्यावर मी नेमके हेच केले होते. म्हातारा टायर आणि पाऊस यांनी पुंजी आधीच निम्मी केली होती, आणि मी वळणातच ब्रेक करकचून दाबला.

निवड

माझ्याजवळ गाडीसाठी म्हणून नऊ हजार रुपये होते. समोर तीन वाटा होत्या.

पहिली, शर्यतीत वापरून झालेले खास टायर स्वस्तात घेणे. नवशिक्याला हा मोह फार होतो. परंतु असे रबर तापल्यावरच पकड देते, आणि माझ्यासारखा दीडशे सीसीच्या गाडीवरचा सावध विद्यार्थी त्याला पुरेसा तापवूच शकत नाही. शिवाय पुनःपुन्हा तापून थंड झालेले रबर हळूहळू कडक होत जाते. म्हणूनच तर पहिल्या मालकाने ते काढलेले असते. बिननक्षीचा टायर पावसात तर निरुपयोगीच.

दुसरी वाट, नऊच्या नऊ हजार रुपये उंची टायरवर घालणे. अर्थशास्त्राच्या वर्गात आम्हाला शिकविले आहे की, एखाद्या वस्तूची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी सोडून दिलेली दुसरी वस्तू. येथे सोडावे लागले असते ते नवे ब्रेक पॅड, ब्रेकचे ताजे तेल आणि चांगले हातमोजे. जी पकड मला वापरताच येणार नाही, तिच्यासाठी या वस्तू सोडणे म्हणजे उपाशी राहून अत्तर घेणे होय.

तिसरी वाट, चांगल्या कंपनीचे रस्त्यावरचेच, गाडीच्या मूळ मापाचे, पण ताजे टायर. मी हीच धरली. यासाठी परदेशाकडे पाहण्याचे कारण नाही. नागपूरला जाताना वाटेत बुटीबोरी लागते. तेथे सिएटचा दुचाकींच्या टायरचा कारखाना आहे. एमआरएफचा एक कारखाना गोव्यात उसगाव येथे आहे. पुढचा व मागचा मिळून माझे साडेपाच हजार रुपये गेले. उरलेल्या पैशांत ब्रेक आणि हातमोजे झाले. चामड्याचा पोशाख तेथे भाड्याने मिळाला. दोन्ही टायर एकदम बदलावेत, हेही येथे नमूद करतो. पुढचा घसरला तर सावरणे फारच कठीण असते, म्हणून पुढच्यात काटकसर नको.

दात कसे पाहावेत?

टायरच्या बाजूवर लांबोळ्या चौकटीत चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३२४' म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. बैल दोनदाती की चारदाती हे जसे तोंड उघडून पाहतो, तसे हे अंक खाली वाकून पाहावेत. एका वर्षाच्या आतला टायर मिळाला तर उत्तम. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याखाली पडून राहिलेल्या टायरला अशा उन्हाळ्यांत लवकर म्हातारपण येते. बाजूवर बारीक चिरा दिसल्या तर फुकटही घेऊ नये.

दुसरी ओळ मापाची. '१००/९०-१७ ५५ पी' याचा अर्थ असा : रुंदी १०० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ९० टक्के, रिमचा व्यास १७ इंच. ५५ हा भाराचा संकेत, म्हणजे २१८ किलो. 'पी' हा वेगाचा संकेत, म्हणजे ताशी १५० किलोमीटर. 'एस' असेल तर १८० आणि 'एच' असेल तर २१०. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या संकेतांहून खाली कधी जाऊ नये. रिमला न शोभणारा रुंद टायर चढविण्याची फॅशनही टाळावी. त्याने टायरचा गोल आकार बिघडतो आणि गाडी वळणात नीट झुकत नाही. फिरण्याच्या दिशेचा बाणही पाहून घ्यावा.

नवा टायर गुळगुळीत, तुळतुळीत असतो. त्यावर लगेच जोर करू नये. शंभर-दीडशे किलोमीटर सावकाश चालवून त्याची वरची चकाकी घालवावी. मी हे काम दारव्हा रस्त्यावर केले.

हवा

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे हवा. टायर थंड असतानाच ती मोजावी. याचे कारण वायूच्या नियमात आहे. ३० अंशांवर २८ पौंड भरलेला टायर ६० अंशांपर्यंत तापला की दाब सुमारे ३२ पौंड होतो. दाब वाढला की आपले पोस्टकार्ड आणखी लहान होते. म्हणून स्वतःचे दाबमापक जवळ ठेवावे, कंपनीने सांगितलेल्या थंड दाबापासून सुरुवात करावी, प्रत्येक फेरीनंतर आकडा वहीत टिपावा आणि कमी-जास्त करायचे तर प्रशिक्षकास विचारूनच एक-दोन पौंडांनी करावे.

तो दिवस

आमच्या जिल्ह्यातील पांढरकवड्यावरून जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग थेट दक्षिणेत उतरतो. गाडी त्यावरूनच न्यावी असे मित्रांचे मत पडले. पण हजारावर किलोमीटर सरळ रस्ता कापला की टायर मधोमध झिजून चपटा होऊ लागतो, आणि वळणाला लागणारी गोलाई नेमकी ट्रॅकवर पोहोचण्याआधीच खर्ची पडते. म्हणून पेट्रोल काढून टाकून गाडी नागपूरहून रेल्वेच्या पार्सलने पाठविली.

सकाळी तपासनीसाने हेल्मेट पाहिले, चेन पाहिली, ब्रेक पाहिले आणि मग खाली वाकून टायरवरचे चार अंक वाचले. मला त्या क्षणी बाबांची आठवण झाली. माझ्या गटातील एका तरुणाने जुने शर्यतीचे टायर घातले होते. पहिल्याच फेरीत, टायर थंड असताना, तो वळणात घसरला. उठून कपडे झटकीत परत आला, परंतु त्याची गाडी त्या दिवशी पुन्हा निघाली नाही. मी सर्वांत मंद होतो. पाचही सत्रे मात्र मी पुरी केली. ब्रेक वळणाच्या आधी सरळ रेषेत लावायचा आणि वळण सुरू होताच हळूहळू सोडायचा, हे मी त्या दिवशी अंगाने शिकलो. पुस्तकातला पायथागोरस तेव्हा हाताच्या बोटांत उतरला.

परत आल्यावर भावाने टायरच्या कडेवर उमटलेली झीज बोटाने चाचपून पाहिली. "आता मागे बसू का?" त्याने विचारले. मी त्याला आधी खाली वाकून ते चार अंक वाचायला लावले.

माझ्या विद्यार्थी मित्रांपैकी ट्रॅकवर जाणारे फार थोडे असतील. पण रोज महाविद्यालयात दुचाकीवरून येणारे पुष्कळ आहेत. हा लेख वाचून झाल्यावर त्यांनी स्टँडपर्यंत जावे, आपापल्या गाडीजवळ बसावे आणि ते चार अंक शोधावेत. त्याला पैसा लागत नाही.